दर्याबाबाचं उकळलेलं पाणी

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. माझी लेक मेलनी झोपेत चुळबुळली. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्यात दर्याबाबाचं तीर्थ उकळत होतं. तीर्थ कोणी उकळत नाही, पण ती झाल्यापासून घरात आलेलं पाणी मी उकळतेच. हाताला तशी सवयच लागलीय.

सकाळी मढच्या खाडीकाठी कोण गर्दी! शेजारच्या आयडाच्या तळ्यातले मरायला टेकलेले जिताडे मासे बाबाच्या पाण्याने पुन्हा पोहायला लागले होते. बाबा बाटली उंच धरून गर्जत होता, "पाण्यातले सैतान एकमेकांशी बोलतात! जमाव झाला की हल्ला करतात! मी त्यांची वाचाच बंद करतो!"

आमच्या तळ्यातही रोज मासे अंगावर जखमा घेऊन उलटे तरंगत होते. तळं गेलं तर माझ्या नवऱ्याला, अर्बनला, परक्या बोटीवर राबावं लागणार. म्हणून मीही बाटली आणली.

गार केलेलं ते पाणी अर्बनने तळ्यात ओतलं. मासे मरतच राहिले.

"श्रद्धा कमी पडली," बाबाने सगळ्यांसमोर निकाल दिला.

"चर्चमध्ये मिस्साला पण अशीच मागे बसते ना ही!" आयडाने टोमणा मारला.

घरी येऊन रडले. मग डोकं चालायला लागलं. आयडाने पाणी तसंच ओतलं होतं, मी उकळून, फरक तेवढाच. पुन्हा बाटली आणली, अर्धं पाणी उकळलं, गार केलं. दोन टबांत आजारी मासे सोडले, एकात कच्चं तीर्थ, दुसऱ्यात उकळलेलं. प्रार्थना दोन्हींपुढे सारखीच केली. उकळलेल्या टबातले मेले. कच्च्या टबातले खायला लागले.

आणि बाबाचं ते बोलणं आठवलं. सैतान एकमेकांशी बोलतात, जमाव झाला की हल्ला. हे मी माझ्याच जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं, सैतानाच्या जागी जंतू. सांगणारा माझा भाऊ लॉईड, मरोळच्या एका लॅबमध्ये माशांच्या रोगांवर काम करणारा.

त्याला बोलावून दोन्ही टब दाखवले. त्याची मान खाली गेली.

"बाटलीत काय होतं, लॉईड?"

"एन्झाइम. साध्या, निरुपद्रवी जंतूपासून काढलेलं. रोगाचे जंतू रसायनं सोडून आपण किती जमलोय त्याचा अंदाज घेतात, पुरेसे झाले की एकदम विष सोडतात. एन्झाइम ती रसायनंच तोडतं. जंतू मरत नाहीत, पण प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. उकळलं की एन्झाइमची वाट लागते."

"मग बाबा कशाला?"

"विकायची परवानगी नाही अजून, म्हणून मीच बाबाच्या हातून वाटलं. औषध म्हटलं की लोक छप्पन्न प्रश्न विचारतात, बाय. बाबाला कोण विचारतंय?"

"मासे मरायला लागले तेव्हा पहिला फोन तुला केला होता रे. तू म्हणालास, प्रार्थना कर."



दुसऱ्या दिवशी दोन्ही टब खाडीकाठी नेऊन ठेवले आणि सगळं सांगितलं. बाबाने तोवर गाशा गुंडाळला होता. मी एवढंच म्हटलं, "देवाची कृपा उकळून मरत नाही. मेलं ते एन्झाइम. आता कोणी बाटली दिली तर आधी विचारा, आत काय आहे. आणि पाया पडायच्या आधी घरी करून बघा."

लॉईडने दिलेलं पाणी न उकळता ओतलं आणि आमचं निम्मं तळं वाचलं. संध्याकाळी मेलनी माझ्या मांडीवर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मम्मी, मामाकडे औषध होतं ना? मग आपले मासे मरत होते तेव्हा त्याने का नाही दिलं?"