दहावं डोकं

फागूचा गुडघा गेला आणि त्याच्याबरोबर घरातली शांतताही गेली. गुडघ्याचं एवढं काही नाही हो, साठी उलटली की माणसाचं काही ना काही जायचंच. पण बोहाडा, म्हणजे देवादैत्यांची सोंगं नाचवायचा गावचा उत्सव, तोंडावर आला होता, आणि बोहाड्यात रावणाचं सोंग नाचवायचा मान फागूच्या घराचा. गणपती एका घरचा, नरसिंह दुसऱ्या घरचा, तसा रावण ह्यांचा, अगदी त्याच्या आज्यापासून. दहा डोक्यांचा तो लाकडी डोलारा अंगावर बांधून संबळाच्या ठेक्यावर फागू निघाला, की सूर्यमाळच्या वाटेवरच्या साऱ्या पाड्यांतून आलेली माणसं बसल्या जागची उठायची. आता ह्या गुडघ्यावर त्याला शेळीमागे धावणंही होत नव्हतं. आणि घरातून दुसरं कोणी उभं राहिलं नाही, तर सोंग जाणार दुसऱ्याच्या घरी. एकदा गेलं की गेलं, परत कोण देतोय?

बरं, घरात माणूस नव्हता असंही नाही. दिपेश होता की! एकुलता एक लेक, धडधाकट, जव्हारला सरकारी हापिसात कारकून, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करणारा. फागूनं विचारलं, "रावण घेशील ना रं?" दिपेशनं हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "बघू."

तसा "बघू" हा शब्द काही वाईट नाही. पण हापिसातला बघू वेगळा. पाड्यावरचा माणूस एक तर हो म्हणेल, नाही तर शिवी देईल. दोन्हीत आपल्याला कळतं तरी. ह्या बघूचं काही कळेल तर शपथ! फागूनं सकाळी विचारलं, बघू. संध्याकाळी विचारलं, बघू. सुनेला मध्ये घातलं, तर सुनितालाही बघूच मिळाला. "मेल्याच्या तोंडात बघूचं झाड उगवलंय," असं म्हणून फागू दिवसभर करवादायचा.

त्या बघूची कीर्ती अंगणवाडीपर्यंत पोचली होती. बाईंनी पाच वर्षांच्या तुकाला विचारलं, "तुझे बाबा काय करतात रे?" तुका छाती पुढं काढून म्हणाला, "जव्हारला जाऊन बघू करतात!"

हा तुका आणि त्याची दुसरीतली बहीण मालू, ही दोन कार्टी म्हणजे फागूच्या जिवाचा विरंगुळा आणि डोक्याचा ताप. मालू रिकाम्या हंड्यात तोंड घालून ढगांना फोन लावायची. "हॅलो, पाणी कवा पाठवता? आई विचारते." तुकानं अंगणातल्या दगडांच्या कोंबड्या केल्या होत्या, आणि त्यातला एक दगड खुडूक बसलाय म्हणून तो कोणाला हलवू द्यायचा नाही. फागू दोघांच्या नावानं शंख करायचा, आणि ती शाळेला गेली की स्वतः त्या खुडूक दगडाची राखण करत ओट्यावर बसायचा.

एका दुपारी भिका आला. पाड्यातला जुना जाणता माणूस, सगळी सोंगं त्याच्याच ताब्यात असायची. ओट्यावर टेकत तो म्हणाला, "फागू, आज सांगायला पायजे. संध्याकाळी गाव बसणार. रावण तुझ्या घरचा नाचणार, का तुळशीदासाच्या घराला देऊ?"

फागूनं वाटेकडं बघितलं. "दिपेश येईलच आता," तो कसाबसा म्हणाला. "आज अर्ध्या दिवसाची रजा हाय त्याची."

तेवढ्यात घराच्या मागून ढडांग ढडांग आवाज आला. मालू तोंडानं संबळ वाजवत होती, आणि तिच्यापुढं तुका ठुमकत येत होता. त्याच्या डोक्यामागं सुनिताचं पाखडायचं सूप सुतळीनं बांधलेलं, आणि सुपावर कोळशानं आणि तांदळाच्या पिठानं काढलेली तोंडंच तोंडं.

"अरे बापरे, रावण आला की!" भिका म्हणाला.

"हात नको लावू," मालूनं दटावलं. "डोकी चावतात."

"सगळी?"

"सगळी नाय. हे मधलं तुकाचं, हे चावत नाय. हे भुकेलं, ह्याला सारखी नागलीची भाकर लागते. हे रडकं, कुत्र्याला भितं. ह्याला बेचा पाढा येतो, पण सोळापर्यंतच. हे झोपलंय, मोठ्यानं बोलू नको. आणि ही दोन भांडलीत, एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"आणि हे कडेचं?" भिकानं विचारलं. "अर्धं सुपाच्या बाहेर पडलेलं?"

"ते दहावं. ते बाबाचं."

"काय करतं ते?"

तुकानं हनुवटी वर केली, डोळे अर्धे मिटले आणि थेट दिपेशच्या आवाजात म्हणाला, "बघू!"

नेमकी त्याच वेळी सुनिता डोक्यावर हंडा घेऊन अंगणात शिरत होती. तिला असं हसू फुटलं की ओंजळभर पाणी अंगावर सांडलं. वैशाखात त्या पाड्यावर पाणी सांडलं आणि कोणी ओरडलं नाही, असं त्या दिवशीच झालं असेल.

"हसू नका," मालू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ह्याच्यामुळंच रावण हरला. राम आला तवा नऊ डोकी म्हणाली, चला लढू. हे म्हणालं, बघू. नऊ डोकी म्हणाली, अरे बाण आला, बाण आला! हे म्हणालं, बघू. आणि लागला ना बाण!"

तुका धाडकन जमिनीवर पडला आणि मेला. मग त्यानं एक डोळा उघडला, "बघू" म्हणाला आणि परत मेला.

भिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. फागूलाही हसू आवरेना, आणि हसता हसताच त्याची नजर कुडाच्या कुंपणाकडं गेली. दिपेश मोटारसायकलला धरून उभा होता. मालूच्या संबळापुढं गाडीचा आवाज कोणाला ऐकूच आला नव्हता. कवापासून उभा होता कोण जाणे, पण कान लाल झाले होते.

भिकानं डोळे पुसले. "आलास? बरं झालं. काय सांगू गावाला?"

दिपेशनं तोंड उघडलं. "ब" ओठांवर आलेला सगळ्यांनी बघितला. मेलेला तुकासुद्धा मान वर करून बघायला लागला. फागूनं ओट्याचा खांब घट्ट धरला.

दिपेशनं तो शब्द गिळला. खाली वाकून बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि तापलेल्या अंगणात अनवाणी उभा राहिला.

"बा," तो म्हणाला, "मला येत नाय."

"काय येत नाय?"

"पाय टाकायला. पहिलीपासून आश्रमशाळेत होतो मी. बोहाड्याला कवा सुट्टी मिळाली? पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाय येतो, आणि मला, रावणाच्या घरच्याला, येत नाय. चारचौघांत पडलो तर तुझीच अब्रू जायची. हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून आपलं बघू." त्यानं बापाकडं बघितलं. "पहिला कुठला टाकायचा?"

फागूचा इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला. पोरगं शिकावं म्हणून त्यानंच त्याचं बोट धरून आश्रमशाळेत नेऊन सोडलं होतं. पोरगं शिकलं, साहेबांत बसलं, आणि त्यापायी त्याचं काय राहून गेलं, हे बापाला आज कळत होतं.

"डावा," तो म्हणाला, आणि आवाज घोगरा झाला तसा ओरडलाच, "डावा रे गाढवा! डावा दोनदा, मग गिरकी, मग उजवा!"

गुडघ्याचं विसरून तो उठला आणि खांबाला धरून पाय आपटायला लागला. सुनितानं हंडा उतरवला. तुकानं सूप सोडलं आणि बापाला खाली बसवून त्याच्या डोक्याला बांधलं. "बाबा, वाकडं नको होऊ. भुकेलं पडेल." मालूचं ढडांग ढडांग सुरू झालं.

पहिल्यांदा दिपेश खुडूक दगडाला अडखळला. दुसऱ्यांदा गिरकी उलटीच घेतली. मालूनं कपाळाला हात लावला. मग कधीतरी पाय जमिनीला लागला तो नेमका ठेक्यावर, आणि उजवा टाकताना दिपेशनं खांदा असा उडवला की फागू खांब सोडून दोन पावलं पुढं आला.

"भिका, बघितलास? बघितलास तो खांदा? माझ्या बाचा खांदा तो! मला साऱ्या जन्मात जमला नाय, आणि ह्याला कोणी शिकवलाय?"

"कोणी नाय," भिका उठत म्हणाला. "घरातच होता तो. तुळशीदासाला सांगतो, रावण ज्याच्या घरचा त्याच्याच घरी हाय."

तुकाला आता कुठला धीर! तो कुंपण ओलांडून पाड्यात धावत सुटला. "माझा बाबा रावण! ऐका रे, माझा बाबा रावण हाय!"

दुसऱ्या कुठल्या गावात कोणी लेकाला असं रावण म्हटलं असतं, तर बापानं त्याचं थोबाड फोडलं असतं. फागू ओट्यावर टेकला, ठणकणारा गुडघा चोळला, मिशीवरून हात फिरवला आणि नातवाच्या मागं घसा ताणून ओरडला, "मोठ्यानं बोल रे! खालच्या पाड्याला ऐकू जाऊ दे!"