सातवं उत्तर

आमच्या लाँड्रीत धुलाईचे चार ढोल आहेत, माणूस ओणवं होऊन आत शिरेल एवढे. रोज सकाळी एकेकाने आत शिरून जाळीत अडकलेला कापसाचा गाळ काढायचा. चारही ढोलांचं बटण एकच, तेही भिंतीपलीकडे, आणि यंत्रं इतकी जुनी की दार उघडं असलं तरी फिरतात. म्हणून आमचे जुने मुकादम बटणावर हात ठेवून ओरडायचे, "आत कोण?" मग सहा कामगार बायकांनी एकेक करून "बाहेर" म्हणायचं, आणि सातवं "बाहेर" ते स्वतः म्हणायचे, घोगऱ्या आवाजात. त्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. लोक त्यांना थांबा काका म्हणत.

काका घरी झोपेतच गेले आणि मुकादमकी माझ्याकडे आली. राग माझ्या नाकावर असतो, पण काम चोख. पहिल्याच सकाळी मी विचारलं, सहा उत्तरं आली. सातवं मी दिलं नाही. आपणच विचारायचं आणि आपणच ओ द्यायची, हा कुठला कारभार? तेवढ्यात पलीकडून, चौथ्या ढोलाच्या बाजूने, घोगरं "बाहेर" ऐकू आलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं, कारण सगळ्या खाली बघत होत्या. मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त राग यायचा. मेलेल्या माणसाने माझी जागा सोडू नये म्हणजे काय!

त्याच महिन्यात मालकीणबाईंनी मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या सरांनी सांगितलं, निर्णय झटपट घ्या, जुन्या सवयी मोडा. मला तेच हवं होतं. परत येऊन मी प्रत्येकाच्या टेबलाशी एक बटण बसवून घेतलं. ढोलातून बाहेर आलं की ते दाबायचं, माझ्यासमोर हिरवा दिवा लागणार. सहा दिवे लागले की ढोल सुरू. ओरडणं बंद, आणि तो आवाजही बंद. माझी छाती फुगली.

त्या सहांत माझी धाकटी नणंदही होती. मीच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरीला तुझ्या पदरात घालतेय.

बायका दिव्यांना लवकरच सरावल्या. एकीला उशीर झाला की शेजारीण तिचंही बटण दाबून टाकायची. आम्हा लोकांचा हा चांगुलपणा फार जुना आहे. मला ते कळलंही नव्हतं.

एका सकाळी चादरींचा डोंगर पडला होता, त्याआड टेबलंही दिसत नव्हती. सहाही दिवे लागले आणि माझं बोट बटणावर गेलं. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "आत."

मी बोट मागे घेतलं. मी भिंतीपलीकडे धावले. चौथ्या ढोलातून नणंदबाई मागे मागे सरकत बाहेर येत होती, केसांत पांढरा गाळ. शेजारणीने तिचं बटण कधीच दाबलं होतं. मी तिला कवटाळलं आणि सगळ्यांदेखत रडले. चूक शेजारणीची नव्हती, माझी होती, आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं.

ती मात्र गोंधळली होती. "वहिनी, तू मघापासून 'थांब, थांब' का म्हणत होतीस? आणि घसा बसलाय का तुझा?"

मी भिंतीपलीकडून एक शब्दही बोलले नव्हते.

दिवे मी त्याच दुपारी काढून टाकले. दुसऱ्या दिवशी बटणावर हात ठेवून विचारलं, "आत कोण?" सहा जणींनी "बाहेर" म्हटलं. मग मी थांबले. आम्ही सगळ्याच थांबलो. पलीकडून काहीच आलं नाही.

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, आता तुझं राहिलंय."

तिचं बरोबर होतं. इतके दिवस काका माझंच उत्तर देत होते. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "बाहेर."

आवाज त्यांचा होता.

सहाही जणी खाली बघू लागल्या. मी बटण दाबलं.