चिठ्ठीवरचा हुकूम

धामणकर नाक्यावरच्या दवाखान्यात अण्णांनी तेहतीस वर्षं कंपाउंडरकी केली. पातळ औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या मात्र घरी त्यांची बायको सरला कापायची. एक खाच म्हणजे एक डोस. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अण्णांनी तिला खाचा पाडायला शिकवलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या डोक्यावरची, पायाला काट मारलेल्या इंग्रजी आरची खूणही समजावली. ते लॅटिन क्रियापद, रेसिपे. मुळात ‘कापेरे’ म्हणजे हातात धरणं, त्याच्याआधी ‘रे’ लागून झालं स्वीकारणं. त्याची ही आज्ञा: घे. आणि ती पेशंटला नसते, अण्णा ऐटीत सांगायचे, कंपाउंडरला असते. अमुक घे, तमुक घे, औषध बनव.

एक्क्याण्णव साली डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं. महिन्याभरात अण्णा नाक्यावर चक्कर येऊन पडले. नव्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि हयगय केली तर जिवावर बेतेल, असं सरलाला बाजूला घेऊन बजावलं. अण्णांनी चिठ्ठी फळीवर टाकली. माणसाचा हात न लागलेलं ते औषध कसलं, हा त्यांचा हेका. पडघ्याहून त्यांची बहीण येऊन रडून गेली, तरी म्हातारा ढिम्म. खरं तर दोन रट्टेच द्यायला हवे होते. पण आपल्या हातांना आता कुणी काम सांगत नाही, हे त्यांना खात होतं, आणि ते सरलाला दिसत होतं.

आठव्या दिवशी तिने त्यांच्या नाकावर चष्मा चढवला आणि चिठ्ठी समोर धरली.

“वरचा हुकूम कुणाला आहे?”

“कंपाउंडरला,” अण्णा पुटपुटले.

“मग या घरात दुसरा कंपाउंडर कोण आहे?”

अण्णांनी सदरा चढवला. गोळ्या आणल्या, जुनी बाटली उकळून कोरडी केली, गोळ्या मोजून भरल्या. सरलाने सात खाचांची पट्टी कापली, त्यांनी ती खळ लावून चिकटवली. गोळ्यांच्या बाटलीला पट्टी कशाला, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

मग गोळी तळहातावर घेऊन अण्णा थांबले.

“कंपाउंडरचं काम झालं. पेशंटला कुणी काही सांगितलेलं नाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात सरलाने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तिने पाण्याचं भांडं पुढे केलं.

“घे,” ती म्हणाली.

अण्णांनी आधी तिचा हात धरला, मग गोळी घेतली.