दोन कुलुपांचं घर

निशिगंधाने खिडकीच्या गजांतून टॉर्चचा झोत आत सोडला आणि कपाळ गजाला टेकवून पाहत राहिली. अर्धवट बांधून सोडलेल्या त्या घरात जमिनीत पाण्याची टाकी होती. झाकण नव्हतं. जिन्याच्या उघड्या भागातून पडलेलं पावसाचं पाणी तोंडापर्यंत चढलं होतं. गजावर एक डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला.

“इथंच आहे,” ती म्हणाली.

उरणजवळच्या या खाडीकाठच्या गावात चिकनगुनियाने माणसं भिंत धरून चालू लागली होती. बायकांना कोळंबी सोलता येईना. साथीचं मूळ शोधायला आरोग्य खात्याने निशिगंधाला पाठवलं होतं. घरोघरची पिंपं रिकामी करून झाली, तरी या आळीतला ताप हटत नव्हता. आळीच्या मधोमध हे घर, आणि दाराला दोन कुलुपं.

“दोघा भावांची,” सोबतची आशा सेविका मोनाली म्हणाली. “वाटणीवरून फाटलं, बांधकाम थांबलं. एकानं कुलूप लावलं, दुसऱ्यानं शेजारी आपलं लावलं. तेव्हापासून बोलणं बंद.”

थोरला पंढरी ओट्यावर सुजलेले गुडघे शेकत बसला होता.

“सदू त्याचा कुलूप उघरल, तवा मी माजा उघरीन.”

धाकटा सदू समोरच राहत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “आदी त्याला इचारा.”

सरपंच कुलुपं फोडायला तयार होते.

“तोडून टाकू ना मॅडम, टेन्शनच नाय,” मोनाली म्हणाली.

निशिगंधाला मोह झाला. पण फोडलेल्या दाराला उद्या नवी कुलुपं लागली असती, आणि आत पुन्हा पाणी साचलं असतं. ती परत पंढरीच्या ओट्यावर जाऊन बसली.

“काका, सदूकाकांची मुलगी प्रिया बाळंतपणाला आलीय. तिला अजून ताप नाही. पण दिवस भरत आलेत. आत्ता आला, तर बाळालाही होऊ शकतो.”

 पंढरीची बायको पुतळाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिने फळीवरची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“पोरीनं काय केलाय?” एवढंच ती म्हणाली.

पंढरी काठी टेकत त्या बंद घराच्या दारापर्यंत गेला. किल्ली कुलपात शिरली, पण बोटं वळेनात. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तरी ती हलली नाही. मोनाली मदतीला पुढे सरली, तसा निशिगंधाने तिचा दंड धरला. समोरच्या घरातून सदू निघाला होता.

तो आला. भावाची सुजलेली बोटं त्याने एकेक करून किल्लीवरून सोडवली आणि भावाचं कुलूप उघडलं. मग खिशातून आपली किल्ली काढली.

संध्याकाळपर्यंत पंपाने टाकी उपसून झाली. तळाच्या गढूळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. निशिगंधाने त्यातल्या थोड्या बाटलीत घेतल्या, सदूने टाकीवर पत्रा बसवला.

“दर आठवड्याला मी बघायला येणार,” ती म्हणाली.

सदूने दार ओढून एकच कुलूप लावलं आणि किल्ली पंढरीपुढे धरली.

“मना कशाला?” पंढरी म्हणाला. “माज्यानं फिरत नाय ती.”

“मंग मना हाक मार.”