पाकिटाची मागची बाजू

मोरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि शैलजाबाईंचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्यांच्या नवऱ्याने, विष्णू तिजाऱ्यांनी, दोन दिवस पोळ्या लाटून पाहिल्या, पण तिसऱ्या दिवशी पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी ते खिचडी टाकत. सकाळच्या खाण्याला मात्र ब्रेडशिवाय इलाज नव्हता.

शैलजाबाईंना अकरा वर्षांपासून शुगर होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पांढरा ब्रेड नको." म्हणून तिजारे रांझीच्या नाक्यावरच्या साहूंच्या दुकानातून ब्राउन ब्रेडचं पाकीट आणू लागले. पाकिटावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र होतं. सकाळी चार स्लाइस भाजायचे, दोन तिला, दोन स्वतःला. नवऱ्याच्या हातचं आयतं मिळतंय म्हणून शैलजाबाईही खूश होत्या.

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठावीसवरून एकशे एकाहत्तरवर गेली होती.

"काहून वाढली?" तिजाऱ्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं. "शेजारच्या माधवीने बेसनाचे लाडू दिले होते. डब्यात दोन कमी आहेत."

"मी नाही खाल्ले."

"मग कुठे गेले?"

"नळ दुरुस्त करायला आला होता त्याला दिले चहासोबत. तुम्ही मला चोर समजून राहिले का?"

तिजाऱ्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावून तो वरच्या फळीवर ठेवला. त्यांचा विश्वास बसलेला नाही, हे शैलजाबाईंना कळलं. दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. डाव्या हाताने केस विंचरायला जमत नव्हतं, तरी त्यांनी विंचरून द्यायला सांगितलं नाही.

रविवारी इंदूरहून अवंतीचा फोन आला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, ब्रेडच्या पाकिटाच्या मागचं वाचलं का तुम्ही? मतलब, बारीक अक्षरात जे लिहिलं असतं ते."

"ब्राउन ब्रेड आहे. त्यात काय वाचायचं?"

"अरे बाबा, वाचा तर. जे सगळ्यात जास्त टाकलं असतं ना, ते पहिले लिहितात. पहिलं नाव काय आहे ते बघा."

तिजाऱ्यांनी चष्मा लावला, पुरेना म्हणून भिंग काढलं. पहिलं नाव मैदा होतं, एकोणपन्नास टक्के. मग गव्हाचा आटा, चौदा टक्के. त्यामागे साखर, यीस्ट, तेल, आणि बरंच खाली, शेवटून तिसरं, कॅरामेलचा रंग. पांढऱ्या ब्रेडला रंग लावून तो ब्राउन केला होता. पाकिटावर खोटं काहीच लिहिलं नव्हतं. सगळं तिथेच छापलेलं होतं आणि त्यांनीच एकदाही पाकीट उलटं केलं नव्हतं.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं तिजारे मालाच्या तपासणीत होते. वरचं नाव पाहून त्यांनी एकही पेटी कधी पास केली नव्हती. पेटी उघडायची, माल कागदाशी ताडायचा, मगच सही. त्यांच्या या काटेकोरपणाने ठेकेदार वैतागायचे. आणि घरी येणारा माल त्यांनी चित्र पाहून आत घेतला होता. वरून बायकोवर आळ घेतला.

ते पाकीट आणि भिंग घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचून दाखवलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तू लाडू खाल्ले नव्हते."

"मी तेच सांगून राहिले होते," शैलजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी कंगवा पुढे केला. "वेणी घालून द्या. मान अवघडली माझी."

दुसऱ्या दिवशी तिजारे भिंग घेऊनच साहूंच्या दुकानात गेले. मांडणीवरची सगळी पाकिटं त्यांनी एकेक करून उलटी केली. मल्टिग्रेन म्हणून जे होतं त्यात मैदाच पहिला, आणि सगळी धान्यं मिळून साडेतीन टक्के. ओट्सच्या ब्रेडमध्ये ओट्स साखरेच्याही नंतर. साहू काउंटरमागून बघत होते.

"तिजारे जी, ब्रेड ले रहे हो कि इम्तहान?"

"ये ब्राउन वाला मैदे का है, साहूजी. रंग डाला है."

"अरे नहीं! तीन साल से मैं खुद यही खा रहा हूँ. शुगर है न मुझे."

तिजाऱ्यांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. साहूंनी ओठ हलवत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, मग पाकीट काउंटरवर ठेवून स्टूल ओढून बसले. "गोळी वाढवून दिली मागच्या महिन्यात डॉक्टरने," ते हिंदीत म्हणाले. "मी म्हटलं, वय झालं."

माल देणाऱ्या गाडीवाल्याला साहूंनी त्याच दिवशी विचारलं. निव्वळ आट्याचा ब्रेड त्याच्याकडे होता, पण इकडे खपत नाही म्हणून गाडीवाला तो आणतच नव्हता. दोन दिवसांनी दोन पाकिटं आली. तिजाऱ्यांनी वाचली: आटा पहिला, एकसष्ट टक्के, मैदा कुठेच नाही, साखर जवळजवळ नाही, तंतू, म्हणजे फायबर, शंभर ग्रॅमला सात ग्रॅम. एक पाकीट साहूंनी ठेवलं, एक तिजाऱ्यांनी नेलं.

शैलजाबाईंनी पहिला घास चावून चावून खाल्ला. "भुसा खाल्ल्यासारखं लागून राहिलं," त्या म्हणाल्या. पण खाल्ला. आता स्लाइस दोनचा एकच झाला होता, सोबत उकडलेलं अंडं. हा ब्रेड दोन-तीन दिवसांतच बुरसायचा, म्हणून तिजारे तो फ्रीजमध्ये ठेवू लागले.

एका सकाळी ते दुकानात असताना एक बाई आली. तिने ब्राउन ब्रेड मागितला. सासूबाईंना शुगर निघाली म्हणे. साहूंचा हात सवयीने पाकिटाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तिजाऱ्यांकडे पाहिलं. तिजारे तोंडाला कुलूप लावून उभे राहिले; दुकान त्यांचं नव्हतं.

"बहनजी," साहू म्हणाले, "ये मैदे का है. पीछे पढ़ लीजिए. आटे वाला ये रहा."

बाईने दोन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे मोबाइलने फोटो काढले, मोठे करून उभ्या उभ्या वाचले. मग दोन्ही पाकिटं परत ठेवली आणि अर्धा किलो दलिया घेऊन गेली.

साहू बराच वेळ हसत होते. त्यानंतर त्यांनी ब्राउन ब्रेड ठेवणं काही बंद केलं नाही, मागणारे मागतच होते. पण कोणी शुगरचं नाव काढलं की ते पाकीट उलटं करून काउंटरवर ठेवत.

प्लास्टर निघालं तेव्हा साखर एकशे चाळीसवर आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून कमी व्हायला हवी, पण दिशा ठीक आहे. शैलजाबाई संध्याकाळच्या पोळ्या पुन्हा करू लागल्या. सकाळचा टोस्ट मात्र त्यांनी नवऱ्याकडेच राहू दिला.