चकोल्यांच्या गंजात शिजला पास्ता

मी एक गंज बोलतोय. लोखंडावर चढतो तो नव्हे. आमच्या चाकूरकडं पातेल्याला गंज म्हणतात, तो मी. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, कडेला एक पोचा असलेला. वीस वर्षांपूर्वी सिद्धम्मांनी मला लातूरच्या दुकानातून आणलं. तेव्हापासून माझ्यात दूध तापलं, डाळ शिजली आणि आठवड्यातून एकदा चकोल्या झाल्या. वरणात उकळणारे ते कणकेचे तुकडे माझ्या ओळखीचे.

गेल्या वर्षी सिद्धम्मांच्या सुनेला, शिवानीला, दिवस गेले. तिच्या पोटात काही ठरेना. भाकरीच्या वासानंही मळमळायचं. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून सांगितलं, असंच चाललं तर भरती करावं लागेल. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, "नांदेडला हॉस्टेलवर पास्ता खायचे. तेवढाच खावासा वाटतोय."

तिच्या नवऱ्यानं, मल्लेशनं, दुकान लवकर बंद केलं आणि पास्त्याचं पाकीट आणलं. जन्मात चहा न केलेला माणूस. ओट्यावर मोबाइल उभा करून आईला म्हणाला, "अव्वा, तू बाहेर बस. मी करतो."

पास्त्याच्या नळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यानं पाण्यात बरंच तेल ओतलं. मीठ नंतर बघू म्हणाला. मग झाकण ठेवून मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेल वरच तरंगत राहिलं. खाली नळ्या एकमेकींना आणि माझ्या बुडाला घट्ट धरून बसल्या. त्यांना हलवायला कुणी नव्हतं. शेवटी त्यानं एक नळी भिंतीवर फेकली. चिकटली म्हणजे शिजली, असं त्यानं ऐकलं होतं. ती चिकटली, पण ती तर केव्हाच जास्त शिजून लिबलिबीत झाली होती. मग सगळं पाणी मोरीत ओतून त्यानं पास्ता नळाखाली खळखळून धुतला. वर टोमॅटोचा रस घातला, तो ओघळून ताटलीच्या तळाशी गेला.

शिवानीनं दोन घास खाल्ले. "छान झालाय," म्हणाली आणि ताटली बाजूला सारली.

मल्लेश येऊन माझ्याशेजारी ओट्याला टेकला. बराच वेळ त्यानं डोळ्यांवरचा हात काढला नाही.

सिद्धम्मा आत आल्या. भिंतीवरची नळी काढून त्यांनी बोटात चुरडली.

"हे गव्हाचंच हाय की रे?"

"हाव."

"मग चकोल्या मी कधी नळाखाली धुते का?"

"न्हाई धुतलं तर चिकटतंय म्हणे."

"टाकल्या टाकल्या हलवायचं असतंय. तेल काय, वरच बसतंय. मीठ पाण्यातच पडाय पाहिजे, न्हाई तर आतून अळणी राहतंय. आन् ते दाट पाणी सांडलास, त्यातच सगळी चव होती."

"मोबाइलमधी तसंच सांगितलं, अव्वा."

"मोबाइलला कुठं भूक लागती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक दोघंही माझ्यासमोर उभी होती. पाण्याला उकळी आली, मीठ पडलं, पास्ता पडला. मल्लेश हलवत राहिला. थोड्या वेळानं त्यानं एक नळी दाताखाली धरली. "आत किंचित कच्चं लागतंय."

"मग काढ. रसात शिजतंय बाकीचं."

वाटीभर दाट पाणी मागे ठेवून त्यांनी ते पास्त्यासोबत टोमॅटो-लसणाच्या रसात घातलं. या वेळी रस नळ्यांना धरून राहिला.

शिवानीनं अर्धी ताटली खाल्ली आणि थांबली. दोघंही ताटलीकडं बघत होती. मग तिनं ताटली पुढं केली, "अजून थोडा." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मोरीकडं धावली नाही.

"आत्याबाई, तुम्हीबी खा की," ती म्हणाली.

सिद्धम्मांनी एक घास चावून पाहिला. "चकोल्याच हायत. वरण तेवढं विसरलेत."

त्यांची नात आता आठ महिन्यांची आहे. माझ्या बुडाला बारीक भोक पडलंय, म्हणून शेगडीवर नवा स्टीलचा गंज असतो. भांडीवाला मला मोडीत मागत होता. शिवानीनं दिलं नाही. मी फळीवर पालथा असतो.

माझं मागणं एवढंच. घरात कुणी पहिल्यांदाच कुणासाठी शिजवत असेल, तर बाहेर बसून नावं ठेवू नका. आत जा, शेजारी उभे राहा. उकळत्या पाण्यासमोर तो माणूस किती एकटा असतो, ते मी फार जवळून पाहिलंय.