चेनवरचं झाकण

चतुराबाईंनी मृण्मयीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. हेल्मेट काखेत धरून ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत ये म्हणायच्या आधीच हा प्रकार झाला.

"ये गं पोरी, आत ये. उन्हातान्हाची कशाला आलीस एवढी गाडी हानत?"

"फार लांब नाही काकू. ओझर सोडलं की आलंच निफाड."

"तुझ्यामुळं हात ऱ्हायला माझ्या लेकराचा. डॉक्टरच म्हनले, मशीन अजून जरा चाललं असतं तर पंजा गेला असता. तू बटन दाबलंस म्हनून वाचला."

मृण्मयीने खाली वाकून सँडल काढायला उगाचच वेळ लावला. हे तिने कॉलेजात ऐकलं होतं, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ऐकलं होतं, आणि घरी तर आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हेच कौतुकाने सांगत होती. दर वेळी मृण्मयीला वाटायचं, आता बोलावं. तेवढ्यात समोरचा माणूस पुढचं काहीतरी बोलायला लागायचा आणि तिला, खोटं कशाला बोला, हायसं वाटायचं.

अमोल ओसरीतल्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डावा हात उशीवर, पट्टीत गुंडाळलेला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची जागा सपाट होती. तिकडे बघायचं नाही असं मृण्मयीने वाटेत चारदा ठरवलं होतं, आणि आल्या आल्या तिने तिकडेच बघितलं.

"बस की," अमोल म्हणाला. "व्हायव्हा झाल्या सगळ्यांच्या?"

"बाकीच्यांच्या झाल्या. आपली पुढे ढकलली."

"माझ्या पायी."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

ती खुर्ची ओढून बसली.

दोघं मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. उन्हाळी कांदा निघाला की बाया दिवस दिवस उन्हात बसून एकेका कांद्याची पात विळ्याने कापतात. चतुराबाईंचा सगळा उन्हाळा त्यात जायचा, म्हणून अमोलने प्रोजेक्टसाठी पात कापायचं यंत्रच करायला घेतलं. ग्रुप चौघांचा होता, पण त्यातले दोघे फक्त फोटोपुरते. वर्गातल्या निम्म्या लोकांनी दुकानातून तयार प्रोजेक्ट आणून त्याला नवा रंग फासला. या दोघांनी मात्र सातपूरच्या भंगारात स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, हुडकण्यापासून सगळं स्वतः केलं. मृण्मयीकडे गणितं आणि ड्रॉइंग, अमोलकडे वेल्डिंग, फिटिंग आणि शिव्या.

मोटरवरून रोलरकडे जाणारी चेन एका अंगाने उघडी पडायची. अमोलने हाताने पत्रा वाकवून तिच्यावर झाकण बसवलं. तेव्हापासून त्याला एक खोड लागली. मशीन चालू असलं की डावा तळवा त्या झाकणावर टेकवून उभा राहायचा. बेअरिंग कुठे घासतंय, मोटर कुठे दमतेय, सगळं त्याला तळव्याला कळायचं म्हणे. मृण्मयी चिडवायची, "म्हशीच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा काय उभा राहतोस?"

"म्हैस पण सांगते, कुठं दुखतंय ते," असं म्हणून तो हात तसाच ठेवायचा.

आता या कॉलेजांची एक रीत आहे. बाहेरचे परीक्षक येणार म्हटलं की सगळ्या मशिनांची झाकणं उतरवायची. आतली यंत्रणा दिसली पाहिजे ना! चार वर्षं सुरक्षिततेच्या पाटीखाली बसून शिकायचं आणि परीक्षेच्या दिवशी मशीन उघडं करून ठेवायचं. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नाही, कारण सगळेच करतात. त्या दिवशी अमोल पातीसकट कांद्यांची गोणी आणायला पार्किंगमध्ये गेला होता. त्यांचे गाईड दिवाकर सर लगबगीने आले, त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ते डबडं काढा आधी. दिसू दे जरा तुमचं काम."

मृण्मयीने पाना घेतला, बोल्ट काढले आणि झाकण बाकाखाली सरकवलं. सरांचं तिला पटलंच होतं. चेन तेलाने चमकत होती, सगळं तिच्या ड्रॉइंगबरहुकूम डोळ्यांसमोर होतं, आणि ते बघून तिला अगदी भरून आलं.

अमोल आला तो परीक्षकांच्या पाठोपाठच. गोणी टाकली, बाहीला घाम पुसला, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. मशीन सुरू झालं. डोळे परीक्षकांच्या तोंडाकडे ठेवून तो उजव्या हाताने रोलर दाखवत बोलत होता, आणि बोलता बोलता डावा तळवा सवयीने खाली टेकला. झाकण असायचं तिथे.

मृण्मयीने मशीन बंद करायचं बटण दाबलं ते सगळ्यांनी पाहिलं. तिने बोल्ट काढले ते फक्त सरांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. "सकाळी ग्रीसिंगला अमोलने काढलं असेल झाकण, नाही का? लावायचं राहिलं असेल," असं ते विचारल्यासारखं म्हणाले. मृण्मयीची मान हलली. तेच पुढे दवाखान्यात अमोलच्या कानावर गेलं, आणि ती सकाळ धड न आठवणाऱ्या त्या पोराने ते मुकाट्याने मान्य करून टाकलं.

"चौकशी समिती उद्याच ना?" अमोलने विचारलं.

"हो. मला बोलावलंय."

"जे झालं ते सांग. माझा मुलाहिजा नको ठेवू." त्याने पाय वर ओढून घेतले. "अंबडच्या कंपनीचा फोन आला होता, नोकरी लागलीय तिथला. म्हणले, हात बरा कर आणि ये, तुझी जागा ठेवतो. लय चांगली माणसं."

"अरे वा! मग?"

"नाही म्हणणारे मी. उद्या फोन करतो."

"वेडा आहेस का? डाव्या हाताची दोन बोटं नाहीत म्हणून काय अडणार आहे तुझं?"

"बोटांचं नाय गं." तो जरा थांबला. "ग्रीस भरलं ते आठवतं. त्याच्याआधी झाकण काढून खाली ठेवलं ते पण आठवतं. परत लावलं का, ते आठवायला जातो तर काहीच नाय सापडत. सकाळी डोळे उघडले की तेच. स्वतःच्या हाताने केलेलं झाकण, आणि लावायचं इसरलो! असल्या माणसाने शॉपफ्लोअरवर जायचं? हाताखाली माणसं देतील ते. माझ्या इसराळूपणापायी उद्या दुसऱ्याचा हात गेला तर? माझाच गेला ते बरं झालं. मी पप्पांबरोबर द्राक्षबागेत जाणार. मशीनचं नाव नाय काढायचं आता."

"आन बागंत काय फवारनीचं मशीन नसतंय व्हय?" आतून चतुराबाईंचा आवाज आला. पाठोपाठ त्या स्वतः दारात आल्या. "तूच समजाव बाई त्याला. ना धड जेवतो, ना कुनाशी बोलतो. बापानं शिकवलं एवढं ते काय बागंत न्यायला? तू जेवून जा बरं का. शेवभाजी टाकली हाय, भाकरी थापते."

"नको काकू, मी..."

"नको काय नको!" असं म्हणत त्या आत गेल्यासुद्धा.

मृण्मयीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अमोल, तू झाकण लावलं होतंस."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी तिथेच होते. ग्रीस भरून झाल्यावर तू लावलंस. एक बोल्ट तिरका बसत होता, तर तो काढून परत बसवलास. किती शिव्या घातल्यास त्याला."

अमोल भिंतीचा टेका सोडून ताठ बसला.

"मागच्या बाजूचा?"

"मागच्याच."

"वॉशर टाकला मी त्याला." त्याचे डोळे कुठेतरी लांब लागले होते. "खिशात होता वॉशर. टाकला, मग बसला तो. हां! बसला!" मग त्याने एकदम तिच्याकडे बघितलं. "मग निघालं कसं ते?"

"तू कांदे आणायला गेलास तेव्हा मी काढलं. सर म्हणाले, काम दिसू दे. मी काढलं आणि... तू आलास तेव्हा तुला सांगायचं होतं रे. पण परीक्षक समोर उभे होते. मला वाटलं, तुला दिसेलच."

आता तो ओरडेल, हाकलून देईल, असं गृहीत धरूनच ती आली होती. तो ओरडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"म्हणजे मी इसरलो नव्हतो," अमोल म्हणाला.

"नाही."

"मला बरं वाटावं म्हणून तर नाय ना सांगत? शपथ घे."

"शपथ. सरांनी मला विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरले. उद्या सांगणार आहे समितीसमोर, सगळं. पण आधी तुला सांगायचं होतं."

ते पुढचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने उजव्या मनगटाने पुसलं आणि तो मोठ्याने ओरडला, "आई! ए आई! बाहेर ये लवकर! मी इसरलो नव्हतो! लावलं होतं मी झाकण!"

चतुराबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. काय झालंय ते त्यांना कळलं नाही, पण लेक हसतोय हे दिसलं, आणि तेवढ्यावर त्यासुद्धा हसायला लागल्या.

"लावलं व्हतंस ना? मी म्हनतच व्हते! माझं पोरगं एवढं येंधळं नाय. ल्हान व्हता तवापासून कडी लावलेली बघितल्याबिगर झोपायचा नाय हा." त्यांनी मृण्मयीकडे बघितलं. "तू सांगितलंस व्हय त्याला? लय उपकार झाले बाई. दवाखान्यातून आल्यापासून हसला नव्हता." मग पिठाचे हात तसेच अधांतरी धरून त्यांनी सहज विचारलं, "मंग काढलं कोनी?"

अमोलने मृण्मयीकडे बघितलं. आईला हाक मारताना हा प्रश्न येईल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काढलं असंल कुणीतरी," तो घाईने म्हणाला. "वर्कशॉपमधी काय कमी माणसं असतात? तू जा, तवा तापला असंल."

"कुनीतरी म्हंजी? चालत्या मशीनचं झाकन काढलं, आन कुनी इचारलं नाय त्याला?"

"जा ना आई आता!"

त्याने मृण्मयीला वाट मोकळी करून दिली होती. नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं. जेवण झालं असतं, त्याने उद्या अंबडला होकार कळवला असता, आणि ही बाई जन्मभर तिचं नाव घेऊन देवापुढे दिवा लावत राहिली असती. मृण्मयी खुर्चीवरून उठली.

"मी काढलं, काकू. अमोल तिथे नसताना. आणि त्याला सांगितलं नाही."

चतुराबाई बघतच राहिल्या. त्यांना राग आला आहे की नुसतं समजायला वेळ लागतोय, ते कळेना. मग त्या लेकाकडे वळल्या.

"तुला ठावं व्हतं?"

"आत्ता कळलं. सरांनी काढायला लावलं तिला, आई. तिच्या मनानं नाय काढलं."

"बोटं गेली तुझी. आन हे ऐकून तू हसलास?"

अमोलने उशीवरच्या हाताकडे बघितलं.

"बोटंच गेली ना आई," तो म्हणाला.

चतुराबाईंच्या तोंडावरून त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. किती माणसांच्या भाकरी चालल्या आहेत ते बाहेर कळत नव्हतं. मृण्मयी खुर्चीजवळ उभीच होती. तिला बस असं कोणी म्हटलं नाही.